दहाच्या आधी खडू नाही

काच काही केल्या सरकेना.

आचलनं आधी तळहातानं रेटून पाहिलं, मग मनगटानं, आणि शेवटी कुणी बघत नाही असं वाटून हळूच कोपर लावलं. अमरावतीहून सकाळी सहाला सुटलेली अकोल्याची एस.टी. बडनेरा ओलांडून भरधाव निघाली होती. जानेवारीचा वारा खिडकीच्या फटीतून नेमका तिच्या बोटांवर येत होता.

"कोपरानं काच लावणारी बाई पहिल्यांदा पाहून राहिलो मी," शेजारून आवाज आला.

कानांवर मफलर, डोळ्यांत झोप आणि ओठांवर हसू. त्या तरुणानं हात लांब करून एका बोटानं काच सरकवली. इतक्या सहज, की आचलला रागच आला.

"कोपर मोकळं होतं," ती म्हणाली.

"अन् हात?"

"हात... कामात होते."

हात शालीत नुसते पडून होते. तो हसला. पिशवीतून एक संत्रं काढून त्यानं तिच्यापुढे धरलं. "घ्या. मोर्शीचा माणूस शेजारी असल्यावर उपाशी उतरायचं नसते."

तिनं ते दोन्ही तळव्यांत घेतलं आणि मांडीवर ठेवलं. मूर्तिजापूर आलं, गेलं. संत्रं तसंच.

"आवडत नाई काय?"

"आवडतं. खाईन नंतर."

"कधी?"

"माझी वेळ झाली की."

अकोल्याला दोघंही उतरले. दोघंही एकाच गल्लीत वळले, एकाच जिन्यानं वर चढले. चिंतामण सरांच्या शिकवणी वर्गाच्या दारात तो थांबला. "तुमी... गणिताच्या आचल मॅडम तर नाई?"

"आणि तुम्ही विज्ञानाचे नवे सर?"

"पियुष," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरासा लाजला.

साडेदहाला, दोन तासांमधल्या सुटीत, आचलनं संत्रं सोललं. अख्खी साल एका तुकड्यात निघाली. पियुष दारातून पाहत होता.

चिंतामण सरांचा मुख्य वर्ग अमरावतीच्या राजापेठेत होता, आणि शनिवारी अकोल्याची शाखा. आचल दोन्हीकडे पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिला संधिवात जडला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की हा सोबत राहणार. औषधांनी आटोक्यात राहील, पण सकाळ त्रासाची असेल. आणि होतीही. उठल्यावर बोटं अशी आखडलेली, की वेणी आईनं घालून द्यायची. दिवस वर चढेल तशी ती एकेक करून सुटायची. दहा वाजले, की हात पुन्हा तिचे.

पण राजापेठेतला तिचा पहिला वर्ग सातला भरायचा. आणि तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. 'तिची तब्येत बरी नसते,' हे वाक्य एकदा का फिरलं, की तुकड्या दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.

म्हणून तिनं एक वाट काढली. दहाच्या आधी खडूला हात लावायचा नाही. लिहायचं मुलांनी.

"अवनी, त्रिकोण काढ बरं."

अवनीचा त्रिकोण एका अंगाला कलायचा. "मॅडम, हा पडून राहिला!" मागून कुणी ओरडायचं.

"मग त्याला सावरणार कोण? कुठली बाजू चुकली, सांगा."

चार हात वर, फळ्याशी झुंबड, भांडण, हसू, खडूची धूळ. वर्षभर तोंड न उघडलेली मुलंही फळ्यापाशी तावातावानं बोलायला लागली. आपली चूक आपल्याला सापडली, की मूल ती विसरत नाही. आचलला हे दुखण्यानं शिकवलं होतं, पण ते खरं होतं.

"मॅडम, खडू महागला काय?" आता राजापेठेतही शिकवणारा पियुष येता-जाता छेडायचा.

"माझी मुलं स्वतः लिहितात. तुमची नुसती उतरवून घेतात."

"मंग मलेही शिकवा."

"शेवटच्या बाकावर बसावं लागेल."

"बसतो. तिथून तुमी पुऱ्या दिसता."

आचल घाईघाईनं हजेरी घ्यायला लागायची... आणि दोन नावं गाळायची.

एका शनिवारी मात्र तो हसला नाही. "महिना झाला, पाहून राहिलो. दहाच्या आधी तुमी खडू धरत नाई. दुखते काय?"

ती सांगणारच होती. तेवढ्यात घंटा झाली, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारी संपता संपता चिंतामण सरांनी सगळ्या शिक्षकांना राजापेठेत बोलावलं. "मुलांना फळ्याशी उभं करण्याची आचल मॅडमची पद्धत मी कितीदा तरी खिडकीतून पाहिली आहे," ते म्हणाले. "जूनपासून स्कॉलरशिपची तुकडी त्यांच्याकडे. इथं सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा, आणि शनिवारी अकोल्याला आठ. जमेल ना, मॅडम?"

टाळ्या वाजल्या.

"हो सर," आचल म्हणाली.

त्यानंतरचे चार दिवस तिचं मन कुठेच लागेना. सराव म्हणून गजर साडेचारचा लावला, मग चारचा, मग साडेतीनचा. गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, घड्याळाकडे बघायचं. चारला उठलं तर बोटं सुटायला साडेआठ. साडेतीनला उठलं तर...? तरी साडेआठच. उलट झोप मोडून गुडघाही सुजला. गणित काही सुटेना. आणि ती तुकडी तिला हवी होती, मनापासून हवी होती.

पाचव्या दिवशी दुपारी पियुषनं तिला राजापेठेतल्या जिन्यावर गाठलं.

"हो काहून म्हटलं?"

"टाळ्या वाजत होत्या."

"टाळ्यांचं काय! सकाळी सहाले तुमचे हात उघडतीन काय?"

मग तिनं सांगितलं. जिन्याच्या कठड्याला टेकून, त्याच्याकडे न बघता, सगळं.

"सहाची तुकडी मी घेतो," शेवटी तो म्हणाला. "कागदावर नाव तुमचं, फळ्यापाशी मी. सरांले कोण सांगन?"

किती सोपं होतं ते!

"नको. मग मला दोन गोष्टी लपवाव्या लागतील. एक दुखणं... आणि एक तुम्ही."

"मी लपवायची गोष्ट आहो काय?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"नाही ना. म्हणूनच नको."

"तर मंग मी बोलतो सरांशी."

"हात माझे आहेत. मीच बोलते," ती म्हणाली. आणि मन बदलायच्या आत सरांच्या खोलीत शिरली.

चिंतामण सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे ती पद्धत नव्हती? नाइलाज होता?"

"सुरुवात नाइलाजानं झाली, सर. पण मुलं खरंच शिकली."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही तुकड्या काढून घ्याल म्हणून."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला काम कमी नको आहे," आचल म्हणाली. "साडेदहापासून संध्याकाळी सातपर्यंत वाटेल तेवढं द्या. ज्यांची शाळा सकाळची असते, ती मुलं दुपारीच येतात. त्यांनाही कुणीतरी हवंच ना?"

"दुपारच्या चार तुकड्या घ्या," सर शेवटी म्हणाले. "आठवड्यात एक दुपार विश्रांतीची. पालकांनी विचारलं, तर मी उत्तर देईन. पण स्कॉलरशिपच्या तुकडीची वेळ बदलता येणार नाही. ती दुसऱ्या कुणाकडे जाईल. आणि अकोल्याचं सगळं पियुष बघतील."

हवं ते मिळालं होतं, तरी काहीतरी सलत होतं. ती बाहेर आली, तेव्हा पियुष जिन्यावरच उभा. तिनं सांगितलं. आनंदानं उजळलेला त्याचा चेहरा शेवटच्या वाक्याला उतरला.

"म्हणजे शनिवारची गाडी मी एकट्यानं पकडायची?"

"हो."

"हे काही जमलं नाई बा. सकाळी मी मोकळा नसन, दुपारी तुमी नसान. आपली वेळ जुळते तरी कधी?"

"रविवारी," आचल म्हणाली, आणि आपल्याच धिटाईनं तिचे कान तापले.

"रविवारी..." तो एक पायरी वर आला. "रविवारी तुमच्या आईले भेटायले येऊ?"

खाली रस्त्यावर स्कूटर एकामागून एक हॉर्न वाजवत होत्या. ते सगळे हॉर्न थांबतील म्हणून तिनं थोडी वाट पाहिली. ते थांबणार नव्हते.

"हे दुखणं जाणार नाही, पियुष. कधी कमी, कधी जास्त. सकाळ अशीच राहणार."

"माहीत आहे. पुस्तकं आणून वाचलं सारं. जे समजलं नाई, ते विचारून घेईन."

"डॉक्टरांना?"

"तुले."

ते 'तू' त्याच्या तोंडून कधी निसटलं, त्यालाही कळलं नाही. दोघांपैकी कुणीच ते दुरुस्त केलं नाही.

"मग सकाळी नको येऊस," ती म्हणाली. "अकराला ये. आणि एक... बघायला आलेल्यांपुढे चहाचा ट्रे मुलगी आणते ना, तो मी आणणार नाही. भरलेला ट्रे मला पेलत नाही."

"मंग पाहुण्याले चहा कोण देईन?"

"पाहुणा."

"मी? तुमच्या घरी, तुमच्या आईपुढे?"

"आई आधी घाबरेल. मग साखर कुठं आहे ते सांगेल."

"अन् तू काय करशीन तवा?"

"मी बसून राहीन," आचल म्हणाली, "आणि तुझे हात कापतात का ते पाहीन."