वायर माझ्या बॅगेत होती

"सगळं एकाच सीडीत!" हे वाक्य मी तेव्हा दिवसभर बडबडायचो. इंटरनेट बघा, मेल पाठवा, गप्पा मारा, पत्ते साठवा, स्वतःचं पान बनवा. वेगवेगळे प्रोग्राम घेऊन कशाला डोकं शिणवता? शेंद्र्याच्या कारखान्यांत मी तेच विकायचो आणि बसवूनही द्यायचो. दुष्काळाचं साल होतं. औरंगाबादच्या कडेला, पडेगावात, नव्या कॉलन्या भराभर उठत होत्या, पण नळ कोरडे. आमचं घरही तसलंच नवं, दौलताबाद रोडला लागून.

घरच्या कॉम्प्युटरवर तीच सीडी टाकली. बायकोला, दिपालीला, गप्पांची खिडकी दाखवली: ज्याच्या नावापुढं हिरवा दिवा, तो माणूस हजर. पण फोनचं बिल आलं अन् माझं डोकंच फिरलं. मग रोज सकाळी फोनची वायर काढायची, बॅगेत घालायची आणि कामावर जायचं. वायर नाही तर नेट नाही, नेट नाही तर बिल नाही.

"फोन पण बंद पडतोय की हो," दिपाली म्हणायची.

"तुला कोण करणारय फोन?" असा मी तुसडा.

एका संध्याकाळी घरी आलो तर ती भलतीच खुशीत. "आज लई बोललात बाई!"

"कधी?"

"दुपारी. कॉम्प्युटरवर."

मी बॅगेतली वायर काढून तिच्या नाकासमोर धरली. "ह्याच्याशिवाय?"

"वायरीचं मला काय कळतंय? तुमच्याच नावापुढं दिवा होता."

पडद्यावर सगळं होतं. माझं नाव, शिवशंकर, आणि खाली माझीच बोली. "डोकं खाऊ नको" सुद्धा. फक्त मधेमधे असं काही, जे मी कधी विचारलंच नव्हतं: जेवलीस का, कंबर अजून दुखते का, आपली पोरगी राजनंदिनी शाळेतनं आली का. वाचताना भीतीच्या आधी लाज वाटली.

ऑफिसातल्या सर्जेरावला असले चाळे करायची खोड, म्हणून त्याला धरलं. "येडा झाला का?" तो म्हणाला. "वायर तुझ्याकडं, मग मी काय हवेतनं बोलू?"

मी प्रोग्राम पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तो परत जागेवर. कॉम्प्युटरच विकून टाकतो म्हणालो, तर दिपालीचे डोळे भरले.

"घरात तुम्ही बोलत नाय. तिकडनं बोलता, तेवढं तरी राहू द्या."

कॉम्प्युटर विकायचं राहिलं.

मग एका भर दुपारी शेंद्र्याला गिऱ्हाइकाला गप्पांची खिडकी दाखवायची म्हणून मी माझ्या नावानं आत शिरलो. समोर ओळी उमटत होत्या. मी कीबोर्डला हातही लावला नव्हता.

"दिपे, आज लवकर येतो."

"या की. पुरणाचं करते."

"दार लावून घे. माझ्यामागनं कुणी आलं, अगदी माझ्या आवाजात बोललं, तरी उघडू नको."

"बरं."

'दिपाली, तो मी नाही,' मी लिहिलं. अक्षरं उमटलीच नाहीत. फोन ओढला, घरचा नंबर फिरवला. रिंग जात राहिली, जातच राहिली. मग आठवलं. वायर माझ्या बॅगेत होती.

गाडी हाणली. चिकलठाणा, क्रांती चौक, छावणी. जागोजाग रस्ता खणलेला, डोळ्यांत धूळ. खंडोबाचं नाव घेत होतो मी, जो कुणाचंच घेत नाही.

दार आतून लावलेलं. उंबऱ्याबाहेर माझ्याच मापाचे बूट.

"दिपाली! मी आहे. उघड."

आत ताटं वाजत होती. ती वाजायची थांबली.

"कोणय?"

"अगं, मी!"

"हे घरात आहेत," ती दाराआडून म्हणाली. "जा तुम्ही."

मी दाराला डोकं टेकवलं. आत पुरुषाचा आवाज हळू काहीतरी म्हणाला आणि दिपाली हसली. असं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

खिडकी उघडली. माझी राजनंदिनी. तिनं मला नीट निरखून पाहिलं. मी हात पुढं केला.

तिनं गजांमधनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

"काका," ती म्हणाली, "पप्पा म्हणाले, उन्हाचं आलात, पाणी पिऊन जा."