पंखाखालचा डबा

"डबा जिथून आणलास तिथं ठेवून ये म्हणते ना!"

"नाही ठेवणार. ज्यांच्या सुरुंगावर पाय पडून बाबा गेले, त्यांची चाकरी मी करायची?"

"पाणी ठेवणं म्हणजे चाकरी होय रे, मेल्या?"

मब्रूका आणि तिचा मुलगा मिफ्ताह यांचं हे भांडण तीन दिवस चाललं होतं. त्यांच्या भिंतीला भिंत लावून अत्तियाकाकाचं घर. ट्रकतळावर अंधार पडला, चहा उकळला, की पोरं त्याच्याभोवती सरकतात. "माझ्या शेजारणीच्या घरात घडलेलं आहे," तो म्हणतो. "पटत नसेल तर उद्या तिलाच विचारा. शिव्या खायची तयारी ठेवून जा."

मोठ्या लढाईत परक्या फौजा इथल्या वाळूत सुरुंग पेरून लढत होत्या, तेव्हा त्यांचं एक हलकं बाँबफेकी विमान वाट चुकून वाळवंटात उतरलं होतं. पेट्रोल संपलेलं. आत तिघं. शोधणारे पोचले ते अकराव्या दिवशी, तेव्हा तिघंही पंखाच्या सावलीत पडलेले. तहानेनं गेले. मब्रूकाच्या सासऱ्यानं त्या पंखाखाली पाण्याचा पत्र्याचा डबा ठेवला. तेव्हापासूनची रीत अशी, की त्या वाटेचा ड्रायव्हर आधी डब्यात पाणी ओततो, मग स्वतः पितो. तिथली सुतळीसुद्धा कुणी उचलत नाही.

मिफ्ताहच्या गाडीचा रेडिएटर तिथंच गळायला लागला. त्यानं डब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि डबा गाडीत टाकून घरी आणला.

त्या दिवसापासून त्याची तहान भागेना. दोन घागरी प्याला तरी जीभ लाकडासारखी. ओठ फुटून रक्त आलं. शहरातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, साखर तपासली, म्हणाला, काही नाही. तिसऱ्या संध्याकाळी मिफ्ताह भिंत धरून चालायला लागला. एकुलता एक पोरगा. पण हट्ट बापाचा.

रज्जब महिन्याची एकोणिसावी. गुरुवारची रात्र. दोन वाजून दहा मिनिटं.

वारा पडला होता. अंगणात पावलं वाजली. जड बुटांची. तिघांची.

दाराशी थांबली.

कुणी कडी वाजवली नाही. फक्त कोरड्या घशानं कुणीतरी आवंढा गिळला... मग दुसऱ्यानं... मग तिसऱ्यानं.

"आई..." मिफ्ताह कुजबुजला. "उघडू नकोस."

मब्रूका उठली. चहाचे तीन ग्लास घेतले. काठोकाठ भरले. दार सताड उघडलं.

चांदण्यात अंगण रिकामं. कुत्रं मात्र भिंतीला चिकटून थरथरत होतं.

"ऐका," ती म्हणाली. शेजारी अत्तियाकाकाला शब्दन् शब्द ऐकू आला. "आम्ही तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्हालाही नाही, तुमच्या वैऱ्यालाही नाही. आमच्या वाळूत मरण पेरून गेलात, माझा माणूस त्यात गेला. मी तुमचं काही लागत नाही. पाणी देते, कारण तहानलेल्याला आम्ही पाणी देतो. तेवढंच. प्या. पण माझा पोरगा मिळायचा नाही. न्यायचाच असेल तर आधी मला ओलांडा!"





तिनं ग्लास उंबऱ्याबाहेर ओळीत ठेवले. दार लावलं. दाराला पाठ टेकून बसली. रात्रभर हलली नाही.

पहाटेची बांग झाली तसं तिनं दार उघडलं. तिन्ही ग्लास जागच्या जागी होते. प्रत्येकातलं पाणी एक बोटभर उतरलेलं. तिन्हींत अगदी सारखं.

मिफ्ताह भिंत धरत आला, वाकून बघितलं. "मांजर असेल."

"तीन ग्लासांतून? मापून?"

"मग वारा... आई, भुतं तहानलेली असती तर सगळं नसतं का प्यायली?"

मब्रूकानं एकेक ग्लास उचलला. उरलेलं पाणी थेंब न सांडता डब्यात ओतलं, झाकण दाबलं आणि डबा लेकाच्या हातात दिला.

"पोरा, कुणीतरी आपल्याला शोधत येईल म्हणून ते अजून पाणी पुरवून पुरवून पितायत, चल, गाडी काढ."