रिकाम्या कप्प्यावरचा आकडा

काम साधंच होतं. फळबाजाराच्या नव्या कोल्ड स्टोरेजमध्ये जायचं, रिकाम्या कप्प्यांचे वजनकाटे शून्यावर आणायचे आणि उन्हं उतरायच्या आत घरी परतायचं. एरवी असल्या किरकोळ कामाला मी दुसऱ्या कुणाला तरी पिटाळलं असतं. पण घरी आई फोन मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्यासमोर बसणं माझ्याच्यानं होत नव्हतं. धाकट्या भावाची बरेच दिवस खबर नव्हती.

दिवा राहू द्या, घालवू नका. सांगते.

मी इमारतींचे आराखडे करते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही... नव्हता म्हणा. या कोल्ड स्टोरेजचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच बैठकीला संरक्षण खात्याचे एक साहेब येऊन बसले. फार गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, कप्पे जरा लांब करा. जमिनीला मोरीकडे उतार द्या. दारं अशी ठेवा, की दोघांनी मिळून काही आडवं आणलं तर वळताना अडकू नये. आणि फळांना लागतो त्याहून खूप जास्त गारवा करता आला पाहिजे.

"एरवी फळंच ठेवायची, मॅडम," ते म्हणाले. "पण वेळ आलीच, तर..."

ते वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही. मग ऑफिसात आम्हीही तसंच बोलायला लागलो. हे दार रोजचं, ते दार वेळेचं. हा उतार वेळेचा. आपण मेलेल्या माणसांसाठी जागा बांधतोय, हे तोंडावाटे काढायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

बोलला तो माझा भाऊ. तो फळांचा ट्रक चालवायचा. अंगानं असा आडवा, की घरात सगळे त्याला ढब्बूच म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. एकदा मी डबा विसरले म्हणून तो घेऊन आला, नुकतेच बसवलेले कप्पे त्यानं पाहिले आणि म्हणाला, "ताई, तुझी सफरचंदं काय पाय पसरून झोपणार आहेत?"

मी डबा घेऊन पाठ फिरवली, आणि त्याला कळलं. पण तेवढ्यावर थांबेल तर ढब्बू कसला! चपला काढून सरळ एका कप्प्यात चढला आणि उताणा पडला. काट्यावरचा आकडा एकदम एकशे चार किलोनं वाढला. "मी मावलो म्हणजे कुणीही मावेल गं," म्हणून खदखदून हसला. मी त्याला दंडाला धरून खाली ओढलं आणि चारचौघांत झापलं. पुढे सीमेवर पेटलं, ट्रकवाल्यांना बोलावणी आली, आणि तो दारूगोळ्याच्या ताफ्यावर गेला.

आता काटा शून्यावर आणणं म्हणजे काय, ते ऐका. आमच्या धंद्यात ओझ्याचे दोन प्रकार. जे येतं-जातं ते जिवंत ओझं. माणसं, माल, सामान. आणि इमारतीचं स्वतःचं वजन, जे कधीच हलणार नाही, ते मृत ओझं. रिकाम्या कप्प्याचा काटा जे दाखवतो ते कप्प्याचं स्वतःचं वजन. शून्याचं बटण दाबलं की काटा ते इमारतीच्या खात्यावर टाकतो आणि पुन्हा कधी मोजत नाही. इतकं साधं.

त्या दुपारी मी पॅनेलसमोर उभी राहिले. सगळ्या कप्प्यांचे आकडे सारखे होते. एकाच कप्प्यावर वजन जास्त दिसत होतं, एकशे चार किलोनं.

मी बाहेर डोकावून ऑपरेटरला विचारलं, "त्या कडेच्या कप्प्यात काय ठेवलंय?"

"काही नाही, मॅडम. माल कुठे आलाय अजून?"

मी आत गेले. चाचणीसाठी गारवा अगदी खाली उतरवला होता. आत पाऊल टाकताच बाहेरचं रणरणतं ऊन खोटं वाटायला लागलं. यंत्राची घरघर भिंतींतून येत होती. दिवे होते, पण कप्प्यांच्या आत अंधारच. पोलादाचा तो ओलसर वास, आणि त्यात हळूहळू दुसरा एक वास मिसळत गेला. डिझेलचा. आणि संत्र्याच्या सालीचा. ढब्बू गाडी चालवताना सारखी संत्री सोलायचा.

सगळ्या कप्प्यांवर हिमाचा पांढरा थर धरला होता. त्या कप्प्यावरही होता, फक्त मधला भाग सोडून. डोक्यापासून पायापर्यंत, चांगला रुंद. पत्रा मधोमध दबला होता.

मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. पण तिथली हवा कोमट होती... आणि माझ्या हाताखाली ती थोडी थोडी निवत चालली होती.

"ढब्ब्या?"

पत्रा करकरला. झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

मी पळाले. पॅनेलशी पोचले तेव्हा दातांवर दात आपटत होते. घाबरलेलं माणूस हाताला सवय असते तेच करतं. कप्पा रिकामा आणि काट्यावर आकडा, मग दुसरं काय करायचं? "रिकामा आहे, रिकामाच आहे," असं मी मोठ्यानं म्हणत होते, ऑपरेटर बघत राहिला होता, आणि मी बटण दाबलं. आकडा गेला. शून्य.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती, हसत होती की रडत होती ते कळेना.

"अगं, फोन आला त्याचा! जिवंत आहे गं माझं लेकरू..."

ताफ्यावर तोफांचा मारा झाला होता. बरोबरचं कुणी वाचलं नाही. हा एकटा गाडीतून उडाला, आणि अंगावर साधा ओरखडाही नाही. "एवढा ढब्बू मी, पण पिसासारखा अलगद पडलो बघ," असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

तो घरी आला त्या दिवशी मी दारातच त्याला मिठी मारली. लहानपणापासून तो धाडकन अंगावर यायचा, म्हणून मी पाय रोवून उभी होते. माझाच तोल गेला. पेलायला काही नव्हतंच.

दिसायला तसाच होता. तेच पोट, तेच हसणं. पण सोफ्यावर बसला की गादी दबायची नाही. जिन्याची सैल पायरी सगळ्यांच्या पायाखाली वाजायची, त्याच्या पायाखाली नाही. मी आईला काही बोलले नाही. तिचा मुलगा परत आला होता, आणि माझाही भाऊ. मला आणखी काय हवं होतं? खरं सांगते, मी सुखात होते.

आज दुपारी ऑपरेटरचा फोन आला.

"मॅडम, फळं हलवायला सांगितलंय. वेळ आली म्हणे. उद्या सकाळी खात्याची माणसं येतील आणि सगळे काटे मूळ शून्यावर नेतील."

"म्हणजे आधीचं..."

"आधी केलेली सगळी शून्यं पुसायची. नव्यानं मोजायचं."

मी लगेच साहेबांना फोन लावला. कडेचा एक कप्पा सोडा, म्हटलं, त्याचा काटा बिघडलाय, माल ठेवू नका, हातही लावू नका. हात जोडते, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सगळे लागणार आहेत, मॅडम," ते म्हणाले. आवाज तसाच गोड.

आईला सांगावं म्हणून मघाशी मी आतल्या खोलीत गेले. ढब्बू गाढ झोपला होता, घामानं डबडबलेला. खोलीत जीव गुदमरत होता. खिडक्या बंद, पंखाही बंद. आई पलंगाच्या कडेला बसून त्याच्या चादरीला टाके घालत होती. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको!" आई कुजबुजली. "थांब जरा... एवढी कड होऊ दे."

शिवून झालेली कड मी हातात घेतली. जड लागली. आत ओळीनं गोटे शिवले होते, बाहेरच्या कुंड्यांतले.

"उकडतं गं त्याला," सुईत दोरा ओवत आई म्हणाली. "पंखा तर लावायलाच हवा ना."