लाल दिवा पेटलाच नाही

"माह्या नवऱ्याले आज संध्याकाळी पोलीस नेणार हायेत, ताई," रुपा दारातूनच म्हणाली. "त्यानं काई केलं नाई."

आदिलाबादच्या एका माडीवर मैत्री खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचा मामेभाऊ हर्षदीप गाडी चालवायचा, सोबत फिरायचा आणि बहुतेकदा भलत्यावरच संशय घ्यायचा. त्यानं रुपासमोर पाणी ठेवलं. तिनं हात लावला नाही.

रुपाचा नवरा गोपाल माणिकरावांचा जुना पिकअप चालवायचा. काल सकाळी कापूस वेचणाऱ्या बायांना घेऊन निघालेली गाडी हायवेवर एकाएकी जाम झाली आणि मागून लॉरी आदळली. त्या बायांपैकी आशाबाईंचा पाय कापावा लागला. इंजिनात तेल उरलंच नव्हतं. इंजिनाच्या तळाचा तेलाचा नट गोपालनं ढिला ठेवला, असं माणिकराव गावभर सांगत होते.

पिकअप गुडीहत्नूरला चंपत मिस्त्रीच्या गॅरेजात आणून ठेवला होता. हर्षदीपनं वाकून पाहिलं. तळाचा नट तेलानं माखलेला होता.

"नटच गळला, ताई."

"ओला आहे. ढिला आहे का बघ."

त्यानं पाना लावून जोर केला. नट हलेना.

मैत्री टॉर्च घेऊन इंजिनाच्या कडेनं तेलाचा माग वर वर काढत गेली. एका लहानशा बटणापाशी तिचं बोट थांबलं. बटणाच्या खाली सगळं चिकट होतं, वर कोरडी धूळ.

"तेलाच्या दाबाचं बटण हाय ते, तेल कमी झालं का डायव्हरसमोरचा लाल दिवा पेटवते," चंपत म्हणाला. "सहा दिवसांमागं माणिकरावले सांगतलं, गळून राह्यलं, बदलून घ्या. लाल दिवाबी मधातच पेटत होता. पाहू म्हणे."

बटणाची वायर सुटी लोंबत होती. टोकाला लाल चिकटपट्टी, तीही तेलानं भिजलेली. मैत्रीनं फोटो काढले, पट्टी सोडवली, हर्षदीपला चावी फिरवायला लावली. दिवा पेटला नाही. तिनं वायरचं टोक इंजिनाला टेकवलं, आणि हर्षदीपसमोर दिवा लालभडक पेटला.

त्यानं चंपतच्या फळीकडे संशयानं पाहिलं. तिथं सगळी काळीच पट्टी होती.

गावात गोपाल ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसला होता. आशाबाईंचा नवरा मारोतराव समोर उभा होता, डोळे तांबारलेले.

"आठ दिवस मी किनवटले होतो, साळ्याच्या लग्नात," गोपाल म्हणाला. "काल सकाळी आलो न गाडीवर बसलो. दिवा पेटला असता त मी थांबलो नसतो काय?"

"खोटं बोलून राह्यला!" मारोतराव ओरडला. हर्षदीप मधे पडला.

"माझ्यासोबत या, मारोतराव," मैत्री म्हणाली.

माणिकरावांच्या अंगणात पाण्याच्या मोटरीचा डबा भिंतीला लावलेला होता. वायरच्या जोडावर लाल पट्टी गुंडाळलेली. त्यांची बायको विठाबाई चहा घेऊन आली.

"गाडी इथंच असते? खाली तेल सांडायचं?" मैत्रीनं तिला विचारलं.

"थेंबबी नाई, बाई. अंगण मीच सारवते."

"गाडी चांगलीच होती," माणिकराव म्हणाले. "परवाच बोथ गावचं गिऱ्हाईक चालवून गेलं. ना खडखड, ना लाल दिवा. या गोपाल्यानं येऊन वाटोळं केलं."

"गाडी विकणार होतात तर," मैत्री म्हणाली आणि कप खाली ठेवला. "नट ढिला असता तर उभ्या गाडीखालीही तेल सांडलं असतं. इथं थेंब नाही. म्हणजे इंजिन चालू असतानाच दाबानं ते बाहेर येत होतं, बटणातून. तिथून वाहत नटावर आलं. चंपतनं सांगितलं तेव्हा दिवा पेटत होता. गिऱ्हाइकाला मात्र दिसला नाही, कारण कुणीतरी वायर काढली होती."

"चंपतनं काढली असंल!"

"पट्टी तेलानं भिजली आहे, म्हणजे अपघाताआधीची. चंपतकडे काळी पट्टी आहे, आणि त्याला दोष लपवून काय मिळणार? गोपाल किनवटला. गाडी तुमच्या अंगणात. लाल पट्टी तुमच्या मोटरीवर. गिऱ्हाइकाला दिवा दिसू नये म्हणून वायर तुम्ही काढली, आणि परत लावली नाही. गोपालला सांगितलंही नाही. तेल संपत आलं तेव्हा त्याला कळायला काही उरलंच नव्हतं."

मारोतरावनं मूठ वळली. हर्षदीपनं त्याचा दंड धरला.

"पुरावा काय हाय?" माणिकराव हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं.

"मी हाय," विठाबाई म्हणाली. "पट्टी मीच आणून देली यायले. काऊन पाहिजे, इचारलं नाई. कालपासून आशाच डोळ्यांपुढं हाय."

तिनं पदर खोचला आणि नवऱ्याकडे न पाहता मारोतरावपुढं जाऊन उभी राहिली.

"चाला भाऊ. आदी ठाण्यात, मंग दवाखान्यात. तिच्यापाशी आज मी बसते. ती बसू देईन त."