गोंब्यांतला रुसलेला हत्ती

या, असे पुढं सरका. दाराशी कशाला बसता, सतरंजी चांगली लांबरुंद आहे. बुवा अजून घसा शेकताहेत, पेटीवाल्यांचा चहा व्हायचाय. तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल. गोष्ट प्रेमाची आहे, पण तिच्यात मत्सर भरपूर आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाकं मुरडू नका. प्रत्यक्ष देवाच्या घरीसुद्धा एका झाडावरून राण्यांचा रुसवा झाला होता, मग जे. पी. नगरातली आपली संयोगिता एका हिरव्या बोर्डावरून रुसली, तर काय बिघडलं?

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची ही गोष्ट. संयोगिताचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. बोलायचं मराठी, पण त्यात कानडी अशी मुरलेली, की कुठली भाषा कुठं संपते ते त्यांनाही सांगता येऊ नये. मुलगी गोड, तिखट, आणि वेडी कशाची? तर शिशाच्या तारेची आणि तापल्या सोल्डरिंग-सळईची!

एके दिवशी ती एस. पी. रोडच्या, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या एका अरुंद दुकानात उभी होती. दुकानदारानं एक काळी चिप तिच्यापुढं ठेवली. "लास्ट पीस, अम्मा."

तिनं ती पटकन पिशवीत टाकली, आणि मागून एक लांबलचक सुस्कारा आला. वळून पाहते तो एक उंच तरुण. केसांवर पावसाचे थेंब, चष्म्यावर थेंब, चेहरा अगदी पडलेला.

"मॅडम, ये चिप... आपको आज ही चाहिए क्या?"

संयोगितानं ठसक्यात कानडीत सांगितलं, आजच हवी. तो बिचारा मान फिरवून स्वतःशीच पुटपुटला, "झालं! अख्ख्या बंगळुरात एक चिप, आणि ती हिच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या शेजारी."

"कोथिंबीर नाही ती. पुदिना आहे."

तो दचकला. "तुम्ही... मराठी? इथल्या?"

"तुमच्याआधी तीनशे वर्षं."

"मग तीनशे वर्षांत एक जास्तीची चिप आणून ठेवायला काय झालं होतं?"

तिला हसू आवरेना. तो राजस. पुण्याहून नुकताच आलेला, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. पाऊस थांबेपर्यंत दोघं दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, आणि जाता जाता तिनं सांगून टाकलं, "रविवारी या, रघुपती अण्णांच्या माडीवर. आम्ही हौशी मंडळी जमतो तिथं. चिप माझी... पण बघायला परवानगी आहे."

"आणि हात लावायला?"

"स्वल्प सबूर!"

रघुपती अण्णा म्हणजे निवृत्त मास्तर. माडीवर त्यांनी एक संगणक सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. आता चिपेला काय करायचं ते संगणकावर लिहून शिकवायचं असतं, हे खरं. पण आधी ती चिप ज्यावर बसवली, त्या बोर्डाची संगणकाला ओळख करून द्यावी लागे. चिप कोणती, स्मृतीची जागा कुठून सुरू होते, चिपेच्या कुठल्या पायाला काय जोडलंय... सोयरिकीला बसल्यासारखं सगळं विचारून घेई तो. एवढी माहिती बसवली, की पडद्यावरच्या निळ्या यादीत बोर्डाचं नाव उमटे. यादीत नाव नाही, तर बोर्ड मुका.

विकतच्या बोर्डाबरोबर ही माहिती फ्लॉपीवर येई. संयोगिताचा बोर्ड घरी केलेला, त्याला कुठली फ्लॉपी? त्याची एकेक ओळ ती आणि राजस रविवारी शेजारी बसून लिहीत. सगळा खटाटोप कशासाठी, तर नवरात्रातल्या गोंब्यांसाठी. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात ना, त्यांना तिकडे गोंबे म्हणतात. संयोगिताच्या गोंब्यांत दसऱ्याची मिरवणूक होती, आणि मधला अंबारीचा हत्ती मान हलवणार होता.

"हात थरथरतोय तुमचा," एकदा राजस म्हणाला.

"शिसं तापलंय."

"शिसं तर माझ्या हातात आहे..."

तिनं मान बोर्डावर आणखी वाकवली. कानांच्या पाळ्या मात्र तापल्या.

आणि मग एका रविवारी शाल्मली आली.

राजसच्याच कचेरीतली, पुण्याचीच. कापलेले केस, खांद्याला झोळी, बोलणं एखाद्या झऱ्यासारखं. ती परदेशी प्रशिक्षणाहून एक बोर्ड घेऊन आली होती. हिरवागार, चकचकीत, छापील अक्षरांचा. "ए राजस, बघ तरी! आणि चष्मा पूस रे आधी," म्हणत तिनं स्वतःच त्याचा चष्मा काढला आणि ओढणीला पुसला.

चष्मा! संयोगिता इतके रविवार त्या चष्म्याकडे बघत होती. हात पुढं करायचं धाडस तिला झालं नव्हतं. ती त्याला अजून 'अहो' म्हणत होती, आणि ही सरळ 'ए' म्हणत होती. घरी जाऊन तिनं तांदूळ निवडायला घेतले, तर खडे ताटात आणि तांदूळ केरात.

"काय झालं गं?" तिची आई, जमनाबाई, विचारत होती.

"काही नाही. हिरवा रंग डोळ्यांना त्रास देतो."

पुढच्या रविवारी ती जरा उशिरा पोचली. संगणक लावला, निळी यादी उघडली. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. शाल्मलीचा बोर्ड यादीत दिमाखात बसला होता. तिचा बोर्ड नव्हता. ओळी नाहीत, काही नाही... फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं राहून गेलं होतं.

"अण्णा, हे कोणी बसवलं?"

"राजसनं. काल संध्याकाळी येऊन गेले दोघं," रघुपती अण्णा म्हणाले. "दोन्ही बोर्डांच्या माहितीच्या फायलीला नाव एकच पडलं होतं, पोरी. नवी आली, की जुनी जाते."

"पण जाण्याआधी यंत्र विचारतं, जुनं पुसू का म्हणून!"

"विचारतं की."

म्हणजे यंत्रानं विचारलं, आणि राजस 'हो' म्हणाला. दुसरी शेजारी बसलेली असताना!

राजस आला, तेव्हा ती पिशवी उचलून जिना उतरत होती. "अहो, थांबा... संयोगिता, मला काही—"

"सरी, सरी, ठीक आहे. तुमचं चालू द्या." आणि ती निघून गेली. त्या ओळी तिला पुन्हा लिहिता आल्या नसत्या का? आल्या असत्या. पण ज्यानं पुसल्या, त्यानं लिहाव्यात. ती हात लावणार नव्हती. घट बसले, गोंबे मांडले, आणि पायरीवर हत्ती ताठ उभा राहिला.

"हत्ती का गं मान हलवीना?" जमनाबाईंनी विचारलं.

"रुसलाय."

"कोणावर?"

"चष्मेवाल्यांवर."

जमनाबाईंना कळायचं ते कळलं. त्यांनी परस्पर रघुपती अण्णांकडं निरोप धाडला, की माडीवरच्या सगळ्या मंडळींनी गोंबे बघायला यायचं. ललितापंचमीच्या संध्याकाळी दारात चपला वाजल्या. अण्णा, मागं शाल्मली, आणि तिच्या मागं राजस. संयोगितानं शाल्मलीला कुंकू लावलं. तिच्या मागच्याला नुसता पाट सरकवला.

आता त्या घरची एक रीत होती. गोंबे बघायला आलेल्यानं देवीपुढं एक तरी गाणं म्हणायचं, मगच प्रसादाची उसळ. अण्णांनी एक कानडी पद म्हटलं. शाल्मलीनं आरती म्हटली; तिचा आवाजही गोड, म्हणून संयोगिताला आणखी राग आला. मग सगळे राजसकडं बघू लागले.

"मला गाणं येत नाही," तो उभा राहत म्हणाला. "पाठ अशी एकच गोष्ट आहे. चालेल?"

"देवीला सगळं चालतं," जमनाबाई म्हणाल्या.

त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि बेसूर, पण संथ लयीत सुरुवात केली:

"पहिल्या पायाला हत्तीची मान... हळू हलवावी, नाहीतर अंबारी पडते. दुसऱ्या पायाला उजवा कान... तिसऱ्याला डावा, पण तो मागाहून. संयोगिता म्हणते, खरा हत्ती दोन्ही कान एकदम हलवत नाही. चौथ्याला मशाल... पाचवा पाय मोकळा. तिथं डाग देताना तिचं बोट भाजलं, म्हणून मी म्हटलं, तो पाय राहू दे..."

 त्याच्या त्या बेसूर ओळींना कुठून तरी ठेका मिळू लागला. संयोगितानं पाहिलं, तर देवीपुढचे टाळ शाल्मलीनं उचलले होते, आणि ती त्याला सांभाळून घेत होती.

"हे कसलं हो पद?" जमनाबाई चकित होऊन म्हणाल्या.

"तिच्या बोर्डाची माहिती आहे, काकू," शाल्मली म्हणाली. "अख्खी. 'माझ्या हातून पुसलं गेलं, पुसलं गेलं' करत हा कचेरीच्या बसमध्ये रोज हेच घोकतो. आम्हाला कान मिटायची सोय नाही."

"'हो' मीच दाबलं," राजस म्हणाला. "न वाचता."

"वाचणार कसा? तेव्हा मला हत्तीचे कान समजावून सांगत होता! सगळा वेळ संयोगिता असं म्हणते, संयोगिता तसं करते..."

संयोगिता एकदम उठली आणि ताटल्या आणायला स्वयंपाकघरात गेली. उसळ वाढायची कसली, पळी हातातच राहिली. मागून शाल्मली आली आणि न विचारता नारळ खवायला बसली.

"माझा बोर्ड काढून टाक गं त्या यादीतून," ती म्हणाली.

"का? फायलीला वेगळं नाव दिलं, की दोन्ही राहतील शेजारी शेजारी." संयोगिता थांबली. "मी तुमच्याबद्दल... वाईट विचार केला. मनात."

"अगदीच चुकीचा नव्हता केलास." शाल्मली खवणीकडं बघत हसली. "इतक्या लांबून तो बोर्ड मी काही स्वतःसाठी आणला नव्हता. पण तो उघडला आणि हा पठ्ठ्या हत्तीचंच बोलत राहिला. जा, उसळ निवतेय. मी आणते हे."

संयोगिता बाहेर आली. राजस ओसरीत पागोळ्या बघत एकटाच उभा होता.

"एक ओळ चुकली," ती म्हणाली.

"कुठली?" तो घाबरला. "मशालीची?"

"पाचव्या पायाची. बोट भाजलं तेव्हा तुम्ही नुसतं 'राहू दे' म्हटलं नव्हतं. बोट धरून बसला होता. किती तरी वेळ."

"ते... माहितीत कसं लिहायचं?"

"लिहू नका." तिनं हात पुढं केला. "धर."

पागोळ्या वाजत राहिल्या... त्यानं धरलेलं बोट काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी शेजारी बसून माडीवर सगळ्या ओळी पुन्हा बसवल्या, यंत्राचा प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून. आणि अष्टमीला हत्ती अशी डौलात मान हलवू लागला, की पोरं उसळ विसरली. पुढल्या वैशाखात अक्षता पडल्या.

बुवा उठले वाटतं. तर मंडळी, जाता जाता मागणं एकच. ज्यांचं जमलं, त्यांना देव सुखी ठेवणारच आहे, त्यांची काळजी नको. पण आता टाळ वाजायला लागतील, तेव्हा त्या शाल्मलीची आठवण ठेवा. दुसरीच्या नावाचं पद चाललं होतं, आणि ठेका तिनं चुकू दिला नाही.