दरवाजा उघडा, राणीसाहेब

“काय?”

भर तालमीत मागे वळून त्याने मला मोठ्याने विचारलं, आणि सगळं देऊळ खो-खो हसलं.

महाडजवळच्या आमच्या नाते गावच्या जत्रेचं नाटक, मी प्रॉम्प्टर. कुणी अडलं की विंगेतून पहिले दोन शब्द कुजबुजायचे. पण मुंबईहून सुट्टीवर आलेल्या ह्या प्रितमला माझी कुजबुज ऐकूच जाईना!

नाटक जुनं, रडवणारं. गडाला वेढा पडलाय. थोरले सरदार, म्हणजे प्रितम, राणीला सांगतात, धान्य संपलं, माणसं वाचवा, दरवाजा उघडा. धाकटे सरदार, म्हणजे आमच्या आळीतला भरत, मेलेल्या राजपुत्राची पगडी तिच्या पायाशी ठेवून, दरवाजा उघडू नका म्हणून ढसाढसा रडतात. राणी विरघळते. दरवाजा बंदच राहतो आणि गडावरचं कुणीच वाचत नाही.

भरत रडला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. प्रितमच्या वेळी जांभया!

“तुझं सगळं खरं हाय रे,” मी म्हटलं, “पण रेशनची यादी वाचल्यासारखं बोलतोस. राणीकडं बघ तरी!”

राणीचं काम करणारी बाई प्रयोगाच्या दिवशीच येणार होती. तोवर तिथे प्लास्टिकची खुर्ची.

“खुर्चीकडं काय बघू गो?”

“मग... इकडं बघ.”

त्याने बघितलं. “दरवाजा उघडा, राणीसाहेब...” इतकं हळू म्हणाला की पुढचे शब्द मीच विसरले.

प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी भरतने मला विहिरीवर गाठलं. “तुझ्याबिगर मी जगायचा नाय गो...” डोळ्यांत पाणी, हात छातीवर. पाणी खरं होतं. माझंही मन हेलावलं, खोटं कशाला बोलू? पण त्या नाटकाचा शेवट मी रोज वाचला होता.

“नाय रे भरत,” मी म्हटलं.

प्रितमची सुट्टी संपली, तरी तो काही बोलेना. शेवटी बाजाराचं निमित्त काढून मीच महाड डेपोत गेले. मुंबईची गाडी लागलेली. तो खिडकीत.

“निशिगंधा, मी... नोकरी पक्की हाय. खोली भाड्याची हाय, पण पाणी चोवीस तास... आई तुला ओळखते...”

पुन्हा यादी! आणि मग अडला. विंगेकडे बघायचा तसाच माझ्याकडे बघत राहिला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

मी खिडकीला चिकटून कुजबुजले, “माझ्याशी लग्न...”

“काय?”

अख्खी गाडी वळून बघायला लागली.

“करीन!” मी ओरडले. “करीन म्हटलं!”