शेवटचं प्रकरण वेगळं मिळेल

त्या शनिवारी मला फक्त एक खुर्ची हवी होती.

दातांच्या दवाखान्यात सहा दिवस स्वागताच्या टेबलामागे बसून, उठून, वाकून माझ्या कंबरेचा पार पिट्टा पडला होता. दुपारी सुटले, तेन्जिनच्या बाजारापर्यंत आले, तर बाहेर झिमझिम आणि आत सगळीकडे गर्दी. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या आठव्या मजल्यावर छोट्या छोट्या कंपन्यांनी आपापले गेम मांडले होते. सगळ्या टेबलांपुढे रांगा. एकाच टेबलापुढे कुणी नव्हतं, आणि तिथली खुर्ची रिकामी होती.

मी बसले. मग नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून समोरचा रिमोट हातात घेतला.

डेमो होता. एका बेटावरची पोस्टातली बाई, पाठीवर पिशवी. घरोघरी पत्रं टाकत टेकडी चढायची, एवढंच. मारामारी नाही, घड्याळ नाही. गवतातून चालताना तिच्या पायांचा आवाज मात्र इतका खरा होता, की माझेच पाय जरा सैलावले. टेकडीच्या माथ्यावर एक घर होतं. तिनं दार वाजवलं, दार उघडलं नाही, आणि डेमो संपला.

"कसा वाटला?" टेबलामागून आवाज आला.

तो इतका वेळ तिथेच बसला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याच वयाचा... तिशी ओलांडलेला. स्वेटरची कोपरं झिजलेली, डोळ्यांखाली काळं. गळ्यातल्या पाटीवर नाव होतं — एगुची.

"छान आहे," मी म्हटलं. "पण विकत घेणार नाही."

"का?"

"मी विकत घेतच नाही. फक्त डेमो खेळते. आतापर्यंत दीडेकशे झाले असतील."

त्याला राग यायला हवा होता. त्यानं खुर्ची पुढे ओढली. "आणि पुढचं काय झालं, असं कधी वाटत नाही?"

"वाटतं. पण डेमो खोटं बोलत नाही. अर्धा तास देतो आणि सरळ सांगतो, बाई, मी एवढाच. पूर्ण गेम घेतला की तो म्हणतो, हा कपडा वेगळा, हे शहर वेगळं, शेवटचं प्रकरण वेगळं मिळेल. दर वेळी खिशात हात. मला आता ते झेपत नाही."

"दमलात."

"तुम्हीही दमलेले दिसता."

"सकाळपासून या खुर्चीवर बसलेल्या तुम्ही चौथ्या," तो म्हणाला. "आणि पहिल्या तिघांना फोन चार्ज करायचा होता."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून नीट जमलं नाही.

टेबलं आवरल्यावर त्यानं विचारलं, "कुरोकी-सान, उदोन खाणार? तुमचं मत मला फुकट नकोय."

नाव त्यानं माझ्या दवाखान्याच्या बिल्ल्यावरून वाचलं होतं. तो काढायचाच राहिला होता.

---

स्टेशनमागच्या एका दुकानात उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, इतकं मऊ देतात, की चावायचेही कष्ट नकोत. आम्ही दोघांनी गोबोच्या मुळांची भजी घातलेलं मागवलं. त्यानं न विचारता तिखटाची बाटली माझ्याकडे सरकवली... आणि मला तेच हवं होतं.

"मला सांगा," मी म्हटलं, "उदोन मागवलं आणि ती वाढणारी मावशी म्हणाली, रस्सा वेगळा घ्यावा लागेल, तर?"

"उठून जाईन."

"मग गेममध्ये का चालतं?"

"पण समजा रस्सा दिला," तो काड्यांनी भजं उचलत म्हणाला, "आणि वर भजी हवी असतील, तर?"

"भज्यांचे पैसे आनंदानं देईन. भजी आहेत, असं सांगून द्या म्हणजे झालं."

त्यानं उचललेलं भजं पुन्हा वाडग्यात सोडलं. मग म्हणाला की त्यांच्याही गेमला एक जादा भाग येतोय, डिसेंबरच्या शेवटी. वेगळा विकत घ्यायचा. कंपनी म्हणजे दोनच माणसं, तो आणि चित्रं काढणारी फुकाए-सान. मूळ गेम फारसा खपला नव्हता. हा भाग चालला, तर कंपनी चालणार होती.

"भजी?" मी विचारलं.

"भजी," तो म्हणाला. पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. थकलेला माणूस कुठेही बघतो, असं मी समजले.

मग मी त्याला कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. पूर्वी मी एक गेम खेळायचे, घरं सजवायचा. चार वर्षं त्यात एकेक खोली विकत घेतली. बारा खोल्या झाल्या होत्या. एक दिवस कंपनीनं कळवलं, महिन्याअखेर गेम बंद. शेवटच्या दिवशी मी सगळ्या खोल्यांतून हिंडले, दिवे मालवले, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. "हसू नका," मी म्हटलं.

तो हसला नाही. "मालवलेत?" त्यानं हळूच विचारलं. "सगळ्या खोल्यांतले?"

"हो."

"...मी पण मालवले असते."

बाहेर पडलो तेव्हा त्याच्याकडे एकच छत्री होती. ती त्यानं इतकी माझ्या बाजूला धरली, की स्टेशन येईपर्यंत त्याचा उजवा खांदा काळाभोर भिजला. मी बघितलं. त्यानं मी बघितल्याचं बघितलं. दोघंही पावसाविषयी बोललो.

---

जादा भाग विक्रीला जाण्याआधी एखाद्या परखड माणसानं तो खेळून बघावा, असं त्याचं म्हणणं. म्हणून मी दर रविवारी ओहाशीला, त्यांच्या ऑफिसात जाऊ लागले. तातामीच्या चटया विणणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली, खालून वर येणारा गवताचा वास, दोन टेबलं, एक हीटर. आधी मूळ गेम खेळले. दीडशे डेमोंनंतर पहिल्यांदाच एक गेम शेवटपर्यंत. टेकडीवरचं ते दार शेवटीही उघडलं नाही.

"हे दार उघडतच नाही?" मी विचारलं.

"बंदच बरं वाटलं आम्हाला," तो म्हणाला.

एका रविवारी मी रिमोट हातात धरूनच झोपले. जागी झाले तर अंगावर त्याचा स्वेटर, आणि पडद्यावरची पोस्टातली बाई मी सोडली होती तिथेच, गवतात उभी.

"पुढे नाही गेलात?"

"तुमचा गेम आहे. मी कसा पुढे जाणार?"

"मग तासभर काय केलंत?"

"हीटर दोनदा इकडे वळवला," तो म्हणाला. "मोठं काम होतं."

माझं मनगट दुखतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिसऱ्या रविवारपासून चहाची बाटली माझ्यापुढे यायची ती झाकण सैल करूनच. अशा गोष्टींना माणूस काय नाव देणार... मी दिलं नाही. आठवडाभर दवाखान्यात मात्र रविवारची वाट बघत राहिले.

डिसेंबरच्या सात तारखेला मी जादा भागाच्या शेवटापाशी पोचले. पोस्टातली बाई पुन्हा टेकडी चढली. दार वाजवलं. आणि या वेळी ते उघडलं.

आत एक म्हातारा होता. त्यानं इतक्या वर्षांची सगळी पत्रं न फोडता रचून ठेवली होती. वाचून दाखवशील का, असं त्यानं तिला विचारलं, आणि ती पायरीवर बसली. माझे डोळे भरून आले.

"सुंदर आहे," मी म्हटलं. एगुची-सान खाली पार्सल घ्यायला गेला होता. खोलीत फुकाए-सान होती, रंग भरत.

"आहे ना?" ती सहज म्हणाली. "आम्ही सगळ्यात आधी हेच बनवलं. गेमची सुरुवातच या म्हाताऱ्यापासून झाली होती. आमचे गेम विकणारी कंपनी म्हणाली, हे काढून ठेवा, नंतर वेगळं विकू... तेव्हा फार वाईट वाटलं होतं."

तो वर आला. माझा चेहरा बघून दारातच थांबला. फुकाए-सान एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून कागद आणायला म्हणून निघून गेली.

"भजी नव्हती ती," मी म्हटलं. "रस्साच होता."

"हो."

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी."

"तुम्ही उठून गेला असता."

"गेले असते. मग निदान माझ्या पायांनी गेले असते." माझा आवाज चढला नाही. चढवायलाही ताकद लागते. "तुम्ही बंद दारापुढे मला दोन महिने बसवलंत, एगुची-सान. आणि वर म्हणालात, बंदच बरं वाटलं."

एक शब्द तो बोलला असता तरी मी कदाचित... पण तो बोलला नाही, आणि मी कोट उचलला.

---

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, दवाखाना बंद व्हायला तास राहिला असताना, तो आला. गाल सुजलेला, गळ्याभोवती मफलर.

"दात दुखतोय," तो म्हणाला.

"शहरात दुसरे दवाखाने नाहीत का?"

"सात बघितले. तिथे तुम्ही नव्हता."

मी कागद पुढे ओढला. "कधीपासून दुखतंय?"

"सात डिसेंबरपासून."

"मी दाताचं विचारतेय."

"मी दाताचंच सांगतोय," तो कसाबसा म्हणाला. "रात्री दात दाबून झोपायला लागलो तेव्हापासून. दाढेचा तुकडा पडला."

मला हसायचं नव्हतं. मी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं.

डॉक्टर आधीच्या पेशंटमध्ये अडकले होते. तो टेबलाशीच उभा राहिला आणि खालच्या आवाजात सांगत गेला. एक तारखेला त्यांनी तो भाग मूळ गेममध्ये फुकट टाकून दिला होता. ज्यांनी गेम आधी विकत घेतला होता त्यांना, नंतर घेणाऱ्यांना, सगळ्यांना. विकणाऱ्या कंपनीनं करार मोडला. ओहाशीची खोली मार्चपर्यंत. फुकाए-सान माहेरी जाऊन चित्रं शिकवणार होती, आणि त्याला कुमामोतोत काम मिळालं होतं, पाचिंकोच्या, म्हणजे जुगाराच्या मशीनवरचे मासे पोहवायचं.

"माझ्यामुळे केलंत हे?" मी विचारलं. मला भीती वाटत होती, तो हो म्हणेल.

"नाही. तुमच्यासाठी केलं असतं, तर त्याच संध्याकाळी सांगायला आलो असतो. फुकाए-सान आणि मी तीन आठवडे भांडलो, मग दोघांना एकदमच कळलं की भांडायला समोर कुणी नाहीये. दोघांनाही दार उघडंच हवं होतं." तो थांबला. "पण खोटं मी बोललो होतो. ते तुमच्याशी बोललो होतो. त्याची माफी मागायला आलोय. दाढ खरी आहे... पण आलो त्यासाठी."

"एवढ्या कष्टांनंतर मासे," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

"मासे छान पोहवतो मी."

आतून हाक आली आणि तो गेला.

पाऊण तासानं बाहेर आला, तेव्हा अर्धा चेहरा बधिर होता. मी त्याला नेहमीचं सांगितलं, दोन तास काही खायचं नाही, गाल चावू नका, पुढच्या तीन शनिवारी यावं लागेल. डॉक्टर मागच्या दारानं गेले. मी बाहेरची पाटी उलटी केली आणि तरी तो तिथेच, बाकावर. मीही दिवसभराची थकलेली. जाऊन त्याच्या शेजारी बसले. मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

काचेबाहेर शनिवारची दुपार चालली होती. कुमामोतो काही लांब नाही, मी मनात हिशेब केला, बुलेट ट्रेननं चाळीस मिनिटं. मग त्या हिशेबाचीच मला लाज वाटली.

तो माझ्याकडे वळला. डोळे पाण्यानं भरलेले, हात हनुवटीवर. काहीतरी बोलायची त्याची धडपड चालली होती.

"वला..." तो म्हणाला. "...तिशू... हवा..."

मला तू हवी, असं मला ऐकू आलं. किती दिवस मी हे ऐकायचं टाळत होते, आणि किती दिवस ऐकायला बसले होते. मी समोर बघत, शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "मलाही."

त्यानं हळूच माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे टिशूचा डबा होता. हनुवटीवरचा त्याचा हात ओघळणारी लाळ थोपवत होता.

मला त्या बाकाखाली शिरावंसं वाटलं. मी उठले, डबा आणला, त्याच्या मांडीवर ठेवला, आणि कानांच्या टोकांपर्यंत तापत पुन्हा बसले. या वेळी गडबडीत, मधली जागा न ठेवता.

त्यानं तोंड पुसलं. अर्ध्या चेहऱ्यानं हसला. आणि मग, एकेक शब्द ओठांनी उचलून ठेवावा तसा, म्हणाला, "तू जे ऐकलंस... ते मी बोलणारच होतो. ओठ जागा झाला की."

"किती वेळ लागतो, मला माहीत आहे," मी म्हटलं. "दोन तास."

"थांबशील?"

दवाखान्याची किल्ली माझ्या मुठीत होती. ती मी पर्समध्ये टाकली, चपला पायातून सैल केल्या आणि बाकाला टेकून बसले.